हिंगोली जिल्हा: लोकसंख्या आणि कारभार, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता शिकवता मी जनगणना केली, मतदारयाद्या केल्या, निवडणुकीच्या पेट्या वाहिल्या. त्यामुळं लोक लेकरांच्या अभ्यासाइतकंच कागदांचंही मला विचारतात. शाळेच्या व्हरांड्यात, आठवडी बाजारात, रात्री फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. सेनगाव तालुक्याच्या टोकाच्या गावातून हिंगोलीला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. चुकीच्या कचेरीत गेलं तर दोन दिवसांची बुडते. ती बुडू नये म्हणून हे प्रश्न एका जागी लिहून काढले आहेत. सोपे आधी घेतलेत, अडचणीचे नंतर.

१. हिंगोली जिल्हा कधी झाला? त्याआधी आपण कुठं होतो?

१ मे १९९९ ला. त्याआधी हा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. जुन्या परभणी जिल्ह्यातले हिंगोली, कळमनुरी आणि वसमत हे तालुके वेगळे काढून नवा जिल्हा केला. सेनगाव आणि औंढा नागनाथ हे तालुके अलीकडचे. १९९१ च्या जनगणनेत परभणीच्या तालुक्यांमध्ये त्यांची नावं दिसत नाहीत.

त्याच्याही मागं गेलं तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. पुढं हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. हा नुसता इतिहासाचा धडा समजू नका. आजोबांचा कागद शोधायची वेळ आली की हीच वर्षं कामाला येतात (प्रश्न १२ बघा).

२. तालुके किती? नगरपालिका कुठं कुठं आहेत?

तालुके पाच: हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव. हिंगोली, वसमत आणि कळमनुरीला नगर परिषद आहे, औंढा आणि सेनगावला नगरपंचायत. बाकी सगळीकडं ग्रामपंचायती, साडेपाचशेच्या वर. महसुलाच्या दृष्टीनं आपण छत्रपती संभाजीनगर विभागात येतो. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्याच विभागीय आयुक्तांखाली आहेत. गाडीचा नंबर एमएच-३८.

३. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या किती?

२०११ च्या जनगणनेप्रमाणं ११,७७,३४५. त्याआधी २००१ ला ती ९,८७,१६० होती, म्हणजे दहा वर्षांत १९.२७ टक्के वाढली. त्याच काळात राज्याची वाढ जवळपास १६ टक्के होती.

त्या वेळी राज्यात ३५ जिल्हे होते. सिंधुदुर्ग आणि गडचिरोली सोडले तर सगळ्यांत कमी माणसं आपल्याकडं. मराठवाड्यात तर आपण शेवटचेच. आठ जिल्ह्यांची बेरीज १ कोटी ८७ लाखांच्या वर जाते, त्यात आपले पावणेबारा लाख. शंभरातले सहाच म्हणा.

या आकड्यापेक्षा मला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. राज्यात शंभरातली ४५ माणसं शहरात राहतात, आपल्या जिल्ह्यात १५. हिंगोली शहर सुमारे ८५ हजारांचं, वसमत सत्तर हजारांच्या आतबाहेर, आणि त्याखाली एकदम उतार. राज्यात चौरस किलोमीटरला ३६५ माणसं राहतात, आपल्याकडं २४४. माणूस विखुरलेला असला की शाळा, दवाखाना, बस, सगळंच लांब पडतं. साक्षरता ७८.१७ टक्के होती, राज्याची ८२.३४. हजार पुरुषांमागं ९४२ बायका होत्या. हा आकडा राज्याच्या ९२९ पेक्षा बरा आहे.

४. अजून २०११ चाच आकडा का सांगता? नवी जनगणना कधी?

कारण त्यानंतर जनगणना झालेलीच नाही. २०२१ ची लांबली. कुणी आजची लोकसंख्या म्हणून एखादा नेमका आकडा सांगितला तर तो अंदाज समजा.

नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. तिचे दोन टप्पे आहेत. पहिला घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात प्रत्येक राज्याला ठरवून दिलेल्या तीस दिवसांत. दुसरा माणसं मोजण्याचा, फेब्रुवारी २०२७ मध्ये. संदर्भाचा क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. या वेळी मोबाइलवर नोंदी आहेत, कुटुंबाला स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय आहे, आणि सगळ्या जातींची मोजणीही आहे. तशी मोजणी याआधी १९३१ ला झाली होती.

५. आम्ही ऊसतोडीला जातो. आमची गणती गावात होणार की कारखान्यावर?

जिथं सापडाल तिथं. प्रगणकाच्या फेरीच्या दिवसांत तुम्ही एक दिवस जरी गावी असलात तर गावात. त्या सगळ्या मुदतीत बाहेरच असलात तर गावात नाव लागत नाही, फडावर किंवा कोपीवर जिथं असाल तिथं लागतं.

हा नियम वाचायला सरळ वाटतो. मी तो २०११ ला राबवलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फेरी ९ ते २८ फेब्रुवारी होती. आपल्याकडची माणसं दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या गाडीत बसतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे देश माणसं मोजत असतो तेव्हा नेमका आपला तांडा, आपली वस्ती रिकामी असते. माझ्या वाटणीच्या एका वस्तीत ओळीनं अकरा घरांना कुलूप होतं. बाराव्या घरात एक आजी, दोन नातवंडं आणि दावणीला एक शेळी. तिची दोन पोरं, दोन सुना आणि मोठी नात पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्यावर. मी नियमानं तीनच नावं लिहिली. आजीनं माझ्या फॉर्मवर हात ठेवला. "ल्योकाचं नाव लिव्हा की गुरुजी, ह्येच घर हाय त्याचं." मी तिला समजावून सांगितलं की तो तिकडं मोजला जाईल. पण तिकडच्या फडावर त्या दिवसांत कुणी वही घेऊन पोचलं का, हे ना तिला कधी कळलं, ना मला.

म्हणून ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-हैदराबादला बांधकामावर जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये जिथं असाल तिथं, मोजायला कुणी आलं नाही तर मुकादमाला, कारखान्याच्या शेतकी खात्याच्या माणसाला किंवा तिथल्या ग्रामपंचायतीला विचारा. राहत्या जागी मोजलं गेल्यानं गावातलं काहीच जात नाही. रेशनकार्ड, मतदारयादी, घरकुलाची यादी यांच्याशी जनगणनेच्या वहीचा संबंध नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानं ती माहिती गोपनीय आहे. ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. नाव कटेल या भीतीनं लपू नका, आणि 'घरी सांगितलंय' म्हणून तिकडं नाही म्हणू नका. दोन्हीकडं सुटलेला माणूस पुढची दहा वर्षं कागदावर नसतो.

६. आकडा दहा हजारांनी इकडंतिकडं झाला तर आपल्याला काय फरक पडतो?

फार पडतो. सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागं आरोग्य उपकेंद्र, ३०,००० मागं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० मागं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीचा दवाखाना, असे मापदंड आहेत. माणसं कमी मोजली गेली की नव्या केंद्राचा प्रस्ताव 'निकषात बसत नाही' म्हणून परत येतो.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांची संख्याही त्यावरच ठरते. दीड हजारापर्यंत ७, तीन हजारांपर्यंत ९, साडेचार हजारांपर्यंत ११, सहा हजारांपर्यंत १३, साडेसात हजारांपर्यंत १५, त्यापुढं १७. अनुसूचित जाती आणि जमातींच्या राखीव जागा लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणावर निघतात. आपल्या जिल्ह्यात ते प्रमाण २०११ ला साधारण साडेपंधरा आणि साडेनऊ टक्के होतं.

एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. लोकसभेच्या जागा राज्याला किती, हे १९७१ च्या जनगणनेवर ठरलंय. विधानसभेच्या हद्दी २००१ वर आखल्यात. जिल्हा परिषदेचे गट-गण २०११ वर. एकाच मतदाराचा हिशेब तीन वेगळ्या काळांच्या वह्यांवर चाललाय. रेशनचा हिशेब मात्र पोटाशी येतो, तो पुढच्या प्रश्नात.

७. सुनेचं आणि नातवाचं नाव रेशनकार्डात चढलं, पण धान्य वाढलं नाही. दुकानदार खातो का?

दरवेळी दुकानदाराकडं बोट दाखवू नका. कार्डात नाव असणं वेगळं आणि धान्याच्या यादीत नाव असणं वेगळं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची संख्या ठरवून दिली, आणि ती २०११ च्या लोकसंख्येवर. महाराष्ट्राला सात कोटींच्या थोडी वर. ग्रामीण भागात ७६.३२ टक्के, शहरी भागात ४५.३४ टक्के. ही संख्या जिल्ह्यावर, तालुक्यावर वाटली जाते. पुरवठा शाखेत त्याला 'इष्टांक' म्हणतात. इष्टांक भरलेला असेल तर नवं नाव कार्डात चढतं, धान्याला जागा मिळत नाही. जागा कधी होते? कुणी वारलं आणि नाव कमी केलं, मुलगी लग्न होऊन गेली आणि माहेरचं नाव काढलं, किंवा कुणी सधन माणसानं हक्क सोडला, तेव्हा.

करायचं काय, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत धान्याच्या यादीत नाव घेण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सुनेचं माहेरच्या कार्डातलं नाव आधी कमी झालेलं असलं पाहिजे, तो दाखला जोडा. निम्मे अर्ज इथंच अडतात. प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आहे आणि शहरात ५९,०००. औंढा-सेनगाव आता शहरात मोजतात हेही लक्षात असू द्या (प्रश्न १५).

केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचं आणखी वेगळं. मराठवाड्याचे आठही जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांच्या यादीत आहेत. २०१५ पासून तिथल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात, आणि २०२४ पासून १७० रुपये, असं ठरलं. त्यासाठी बँक खातं आधारला जोडलेलं लागतं.

८. कलेक्टर आणि सीईओ, दोघांत मोठं कोण? तक्रार कुणाकडं करायची?

मोठं-छोटं सोडा, दोघांची कामं वेगळी आहेत. जिल्हाधिकाऱ्यांकडं जमीन, महसूल, रेशन, निवडणूक, दुष्काळ-अतिवृष्टी. त्यांच्याखाली उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडं शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गावचं पाणी, गावरस्ते, घरकुल. त्यांच्याखाली गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक.

शाळेची गळकी खोली घेऊन तहसीलला गेलात तर तहसीलदार अर्ज पुढं पाठवतील एवढंच. त्यात महिना जातो. जिल्ह्याचा आराखडा मंजूर करणारी जिल्हा नियोजन समिती मात्र दोघांना एका टेबलावर आणते. तिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी.

९. तलाठ्याकडं कशाला जायचं आणि ग्रामसेवकाकडं कशाला?

शेत असेल तर तलाठी, घर असेल तर ग्रामसेवक. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ खेटे वाचतात.

सातबारा, आठ-अ, फेरफार, वारस नोंद, पीक पाहणी हे तलाठ्याचं. जन्म-मृत्यू-विवाह नोंद, घराचा नमुना आठ, घरपट्टी, नळपट्टी, रोजगार हमीची मागणी हे ग्रामसेवकाचं. गोंधळ होतो तो 'आठ' या शब्दानं. शेतीचा आठ-अ वेगळा, घराचा नमुना आठ वेगळा. बँकेनं किंवा वकिलानं 'आठचा उतारा आणा' म्हटलं की कशाचा, ते तिथंच विचारून घ्या.

२०२४ पासून कागदावर पदांची नावं बदललीत: तलाठी म्हणजे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी. नवी नावं एकमेकांसारखीच असल्यानं घोटाळा वाढलाय. अर्जावर नवं नाव लिहा, बोलताना जुनं चालतं.

१०. कुठला दाखला कोण देतं?

अर्ज सगळे सेतूत किंवा आपले सरकार केंद्रावर. सही कुणाची, हे मात्र ठाऊक असावं. उत्पन्नाचा आणि वय-अधिवासाचा दाखला तहसीलदारांचा. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर उपविभागीय अधिकाऱ्यांचं. जात पडताळणी जिल्हा समितीकडं, आणि अनुसूचित जमातींची त्यांच्या स्वतंत्र समितीकडं.

जातीच्या दाखल्यात खरी अडचण वेगळीच असते. तुम्ही आज कुठं राहता, हे तिथं बघत नाहीत. मानीव दिनांकाला तुमचं घराणं कुठं राहत होतं, ते बघतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. तीस वर्षं पुण्यात राहिलेल्या कुटुंबालाही दाखल्यासाठी कळमनुरीला यावं लागतं ते यामुळंच. आणि आजोबा वाशिमच्या बाजूनं इकडं आले असतील तर कधी तिकडं जावं लागतं.

लग्न झालेल्या बाईला जातीचा पुरावा माहेरचा लागतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्सिंगला लागणार होती. सासरच्या नावानं अर्ज भरला गेला, सासऱ्यांचे कागद जोडले गेले, आणि अर्ज नाकारला गेल्याचं तिला प्रवेशाची मुदत संपल्यावर कळलं. वर्ष गेलं. अर्ज भरून देणाऱ्यानं एक ओळ विचारली असती तर ते वाचलं असतं. मुलींनो, माहेरून निघताना वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला सोबत घ्या. दागिन्यांच्या डब्यात ठेवा.

११. बाळंतपण नांदेडला झालं, गाव वसमत तालुक्यात. जन्माची नोंद कुठं?

नांदेडला. जन्म जिथं झाला तिथल्या निबंधकाकडं नोंद होते, बापाच्या गावात नाही. माहेरी किंवा दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या लेकराचा दाखला सासरच्या ग्रामपंचायतीत शोधून मिळत नाही तो म्हणून. २१ दिवसांत नोंद केली तर काही खर्च नाही. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद करा, नाव नंतर टाकता येतं. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना शाळा, आधार, मतदार नोंदणी अशा पुष्कळ कामांना जन्मदाखला हाच मुख्य कागद धरलाय. पूर्वी शाळेत आम्ही आईनं सांगितलेली तारीख लिहायचो, एक जून. ते दिवस गेले.

१२. आजोबांच्या काळचा कागद पाहिजे. हिंगोलीत सापडेल की परभणीत?

कागद गावपातळीचा असेल तर आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात बघा. मराठवाड्यात जमिनीसाठी सगळ्यांत कामाचा जुना कागद म्हणजे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक. त्याच्या जोडीला सेतवार आणि जुनी पाहणी पत्रकं. औंढा किंवा सेनगाव तालुक्यातलं गाव असेल तर ते आधी कुठल्या तालुक्यात होतं ते विचारून घ्या. त्या काळचं दप्तर त्या तालुक्याच्या नावानं लागतं. जिल्हा पातळीवर झालेले १९९९ पूर्वीचे आदेश आणि निकाल यांचा माग काढायला परभणीचा विचार करावा लागतो.

१९४८ च्या आधीचे कागद पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत असतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरबाबतचा शासन निर्णय निघाला, तेव्हापासून हे दप्तर बघायला गर्दी वाढलीय. कागद वाचता येत नसला तरी फेकून देऊ नका. चुरगळलेल्या, वाळवी लागलेल्या कागदाच्या कोपऱ्यातही एखादं नाव निघतं. प्लास्टिक चढवू नका, त्यानं शाई जाते. आधी फोटो काढून ठेवा, मग जाणकाराला दाखवा. आणि शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर विसरू नका, तिथं बरंच काही सापडतं.

१३. जिल्हा होऊन इतकी वर्षं झाली, तरी परभणीला का जावं लागतं?

कारण सगळी खाती एकाच दिवशी वेगळी झाली नाहीत, काही झालीच नाहीत. एसटीचं विभागीय कार्यालय परभणीला आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरीचे आगार त्याच विभागात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आजही परभणीचीच, तिचं कार्यक्षेत्र दोन्ही जिल्हे. विधान परिषदेची स्थानिक स्वराज्य संस्थांची जागाही परभणी-हिंगोली मिळून एक.

रेल्वेसाठी नांदेड विभाग. पूर्णा-अकोला मार्गावरचं आपलं स्टेशन तिकिटावर 'हिंगोली डेक्कन' असं येतं. विद्यापीठ नांदेडचं, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, १९९४ पासून. हायकोर्टाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. एका लहान जिल्ह्याच्या माणसाला चार गावं फिरावी लागतात, हे मला आजही खटकतं. २०२४ ला हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा मला बरं वाटलं ते म्हणूनच.

१४. उमरखेड विदर्भात, मग तिथले लोक हिंगोलीचा खासदार कसा निवडतात?

लोकसभेचा मतदारसंघ आणि जिल्हा एक नसतात. हिंगोली लोकसभेत सहा विधानसभा आहेत: वसमत, कळमनुरी, हिंगोली आपल्या, किनवट आणि हदगाव नांदेडच्या, उमरखेड यवतमाळची. खासदारकीचं हिंगोली मराठवाड्याच्या हद्दीबाहेर जातं, कलेक्टरचं जात नाही. औंढा आणि सेनगावला स्वतंत्र आमदार नाही.

१५. सेनगाव हे शहर कसं? आमच्याकडं तर सगळे शेतकरी.

२०१४ ला राज्यानं सगळ्या तालुक्यांच्या ठिकाणी नगरपंचायती करायचं धोरण घेतलं, त्यात ते आलं. जनगणनेत नगरपालिका-नगरपंचायत असलेलं गाव आपोआप शहरी धरतात. बाकीच्या गावांना शहर ठरायला तीन अटी लागतात: ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला ४०० ची घनता, आणि पंचाहत्तर टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेर. म्हणून नव्या जनगणनेत आपलं शहरी प्रमाण वाढलेलं दिसेल, त्यातला काही भाग नुसता पाटी बदलल्याचा असेल. नगरपंचायत झाली की ग्रामपंचायतीच्या योजना, ग्रामसभा आणि जिल्हा परिषदेचं मतदान सुटतं.

१६. शेजारच्या गावाला अतिवृष्टीचं अनुदान मिळालं, आम्हाला नाही. पाऊस तर सारखाच होता!

तुमच्या शिवारातला पाऊस कुणी मोजत नाही, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरचा मोजतात. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंदला गेला की अतिवृष्टी. तुमचं गाव मापकापासून दहा-बारा किलोमीटरवर असेल तर ढग तुमच्यावर फुटतो आणि नोंद कोरडी राहते. कयाधूच्या काठच्या लोकांचं आणखी एक दुखणं आहे. पाऊस वरच्या अंगाला पडतो, पाणी यांच्या सोयाबीनमध्ये आणि हळदीत शिरतं.

म्हणून फक्त पावसाच्या आकड्यावर थांबू नका. पुराचं पाणी शिरल्याचा, जमीन खरडून गेल्याचा पंचनामा वेगळा मागा. शेतात पाणी उभं असतानाच बांधावरून फोटो काढा, गट नंबर लिहून तलाठी आणि कृषी सहायकाला लेखी द्या. पीकविमा काढला असेल तर ती खबर २०२४ पर्यंत वेगळी द्यावी लागायची. तलाठ्याला सांगितलं म्हणजे विमा कंपनीला कळलं, असं व्हायचं नाही.

१७. आमच्या गावात आंध समाज बहुसंख्य आहे. पेसा लागू आहे का?

नाही. पेसा म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला जास्तीचे अधिकार देणारा कायदा. तो फक्त राष्ट्रपतींनी घोषित केलेल्या अनुसूचित क्षेत्रात लागतो. नांदेडमध्ये किनवटकडं तसं क्षेत्र आहे, हिंगोली जिल्ह्यात नाही. गावात शंभर टक्के आदिवासी असले तरी त्यानं फरक पडत नाही. आदिवासी विकास खात्याच्या वैयक्तिक योजना, आश्रमशाळा, वसतिगृहं मात्र आहेत. त्यासाठी कळमनुरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जा, हिंगोलीपर्यंत यायचं कारण नाही.

१८. आमच्या गावाला तालुका होणार म्हणतात. खरं आहे का?

जनगणनेसाठी गाव, तालुका, जिल्ह्यांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या आहेत. मोजणी संपेपर्यंत त्यात बदल होत नाही. तोवर कुणी तारीख देत असेल तर त्यावर जमिनीचे भाव चढवू नका.

१९. वसमत की बसमत?

गाव एकच. मराठीत वसमत म्हणतात, इंग्रजी कागदावर आणि निवडणूक आयोगाच्या यादीत 'बसमथ' असं ब वरून येतं. तिथल्या हळदीला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते 'वसमत हळद' या नावानं. ऑनलाइन अर्जात तालुका सापडला नाही तर ब मध्ये बघा.

२०. घर सेनगाव तालुक्यात, शेत पलीकडं रिसोड तालुक्यात. कुठले कागद कुठून?

शेताचे शेताच्या गावातून, घराचे घराच्या गावातून. रिसोड वाशिम जिल्ह्यात, म्हणजे विभागसुद्धा अमरावती. सातबारा, फेरफार, पंचनामा तिकडच्या तलाठ्याकडं. रेशन, मतदान, उत्पन्न, रहिवास इकडं. अल्पभूधारक दाखल्याला दोन्हीकडची जमीन एकत्र धरतात, म्हणून दोन्ही गावचे आठ-अ जोडा. एकच जोडला तर अर्ज परत येतो, किंवा मंजूर होऊन नंतर वसुलीची नोटीस येते. अतिवृष्टीत मंडळ शेताचं बघायचं (प्रश्न १६), घराचं नाही. तिकडच्या तलाठ्याचा फोन नंबर पावसाळ्याआधी घेऊन ठेवा.